क गावचे प्रमुख

सूचना तांबड्या अक्षरांत होती. तरी ती सुल्गीच्या नजरेतून दोनदा निसटली, तिसऱ्या वाचनात सापडली. अर्जात आई, वडील किंवा नातलग यांचं नाव, व्यवसाय अथवा पद आढळल्यास अर्ज बाद होईल. गावाचं नावही लिहायचं नव्हतं. बड्या बापांची मुलं बापाचं नाव पुढे करून आत शिरतात, त्यांना आळा बसावा म्हणून हा नियम केलेला.

सुल्गीच्या अर्जाचं पहिलं वाक्य असं होतं: माझे वडील एकोणीस वर्षं बामगोलचे गावप्रमुख आहेत.

एका वाक्यात तिन्ही गुन्हे झाले होते: बाप, पद आणि गाव.

प्यो सुल्गी छत्तीस वर्षांची होती. डोंगरातल्या एका मंडल कचेरीत बारा वर्षं कारकून. गावप्रमुखांच्या फायली तिच्याकडे असत. मंडलात सत्तावीस गावं, म्हणजे सत्तावीस फायली. त्यांतली सगळ्यात जाड बामगोलची. बामगोलमध्ये घरं चौदा, माणसं बावीस, आणि त्यांतलं सगळ्यात तरुण माणूस एकसष्ट वर्षांचं. सुल्गी तिथंच वाढली, पण आता कचेरीजवळ खोली घेऊन राहत होती, म्हणून मोजणीत ती नव्हती.

फाईल जाड होण्याचं कारण तिचे वडील, प्यो जोंगमान. ते अर्ज करत. दवाखान्याची परिचारिका आठवड्यातून दोन दिवस यायची ती एकच दिवस यायला लागली, अर्ज. बस सकाळी दोन होत्या त्यातली एक बंद झाली, अर्ज. प्रत्येक अर्जाला उत्तर जाई आणि ते एकाच मजकुराचं असे. सध्याच्या धोरणानुसार आपली मागणी मान्य करता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. बारा वर्षांपासून हे उत्तर सुल्गी टाईप करत होती. रविवारी ती घरी जेवायला गेली की अप्पा चष्मा लावून तेच पत्र मोठ्यानं वाचत.

"छान लिहितेस हो. दिलगीर शब्द तर काय बसलाय."

"अप्पा, जेवा."

"पण मला एक सांग. हे धोरण लिहितं कोण? तू नाही लिहीत. तुझा साहेब नाही लिहीत. जिल्ह्यात विचारलं तर म्हणतात राजधानीतून, सोलहून येतं. सोलला कोण बसलंय?"

सुल्गीनं खांदे उडवले की आई म्हणायची, हिला बारा वर्षांत एवढं कळलं नाही आणि म्हणे सरकारी नोकरी.

सोलच्या एका विद्यापीठात सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. जिल्हा दर दोन वर्षांनी एका कर्मचाऱ्याला पूर्ण पगारावर तिथं पाठवी, पण प्रवेश ज्याचा त्यानं मिळवायचा. वयाची अट अडतीसच्या आत. म्हणजे सुल्गीला ही एकच खेप. परिपत्रक तिनं अप्पांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, जा, बघून ये कोण लिहितं ते.

ते ऑगस्टमध्ये. सप्टेंबरात अप्पांची पाठ दुखायला लागली. देगू शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी पोटातलं चित्र पडद्यावर लावलं आणि पेनाचं टोक एका करड्या डागावर ठेवलं. स्वादुपिंड. पसरलंय. अप्पांनी विचारलं, किती. डॉक्टर म्हणाले, नवं वर्ष दिसेल असं धरून चालू नका.

परतीच्या वाटेवर अप्पा हिशेब करत होते, पण स्वतःचा नाही. जिल्ह्याचा एक ठराव होता. वीस घरांपेक्षा लहान गावात गावप्रमुखाची जागा रिकामी झाली की ती भरायची नाही. गाव शेजारच्या गावाला जोडायचं. बामगोलच्या पलीकडे खिंड आणि खिंडीपलीकडे सिनचोन. तिथला प्रमुख बामगोलला वर्षातून दोनदा आला तरी खूप. अप्पा पूर्वी गंमतीत म्हणत, मी गेलो की गाव गेलं, म्हणून तर मरायला सवड नाही. आता ते बोटांवर चौदा घरं मोजत होते.

तर अर्ज असा अडला. सुल्गीनं तांबडी सूचना त्यांना वाचून दाखवली. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते.

"मग काढून टाक मला," ते म्हणाले.

"तुम्हाला काढलं तर उरतं काय?"

"गावप्रमुख उरतो. 'क गावचे प्रमुख' असं लिही. मी गावप्रमुख आहेच की. खोटं थोडंच आहे ते."

तिनं तसं लिहिलं. क गावचे प्रमुख रोज सकाळी सहा वाजता भोंग्यावरून गावाला हाक देतात. हवामान, औषधाची गाडी, कोणाकडे काय कार्य. हाक संपल्यावर ते अंगणात उभे राहून घरं बघतात. ज्या घराचा दिवा लागत नाही तिथं चालत जातात. एकोणीस वर्षांत त्यांनी सात दारं फोडली. चार घरांत उशीर झाला होता. तीन माणसं वाचली.

इथं अप्पांनी हात वर केला.

"अडीच लिही."

"अडीच माणसं कशी लिहू?"

"म्हातारा चो वाचला म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सहा वर्षं झाली, अजून मला शिव्या देतोय का उचललंस म्हणून."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, चो बरोबर बोलतो. आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

तिनं तीनच लिहिलं. पुढं तिचा प्रश्न होता: ही जागा रद्द झाल्यावर सकाळी घरं कोण बघतं, आणि कोणीच बघत नसेल तर त्याची किंमत कोणत्या खात्यात दिसते. अभ्यासाचा विषय हाच.

शिफारसपत्र राहिलं होतं. ते वरिष्ठांनी द्यायचं. कचेरीप्रमुख बांगसाहेब वाईट माणूस नव्हते. पत्राचं विचारल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तूच लिहून आण, तुझ्याइतकं तुझ्याबद्दल मला काय ठाऊक, मी शिक्का मारतो. सगळीकडे असंच चालतं. सुल्गीला त्यात वावगं वाटलं नाही. पण स्वतःबद्दल चांगलं लिहायला बसली तेव्हा तीन ओळींपलीकडे गाडी सरकेना. वेळेवर येतात. फायली व्यवस्थित ठेवतात. रजा कमी घेतात.

अप्पांनी ते वाचलं. "हे माणसाचं वर्णन आहे की कुलपाचं?"

"मग तुम्ही सांगा."

त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. मधे दुखायचं, तेव्हा थांबायचे. ती टाईप करत गेली. या बाईला उत्तर माहीत नसलं तर त्या गप्प बसतात. आमच्या खात्यात अशी माणसं कमी आहेत. नकाराचं पत्र पाठवायचं असेल तर त्या पोस्टात टाकत नाहीत, स्वतः जाऊन हातात देतात आणि शिव्या खाऊन येतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. लहान असताना त्या जत्रेत हरवल्या, तेव्हा रडत बसण्याऐवजी पोलीस चौकीत जाऊन माझे वडील हरवलेत म्हणून तक्रार नोंदवून आल्या.

"हे शेवटचं नाही चालणार. साहेबाला कसं माहीत असेल?"

"हो. तेही खरंच." अप्पांनी डोळे उघडले. "काढ ते."

बांगसाहेबांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. एकदा वाचून पुन्हा वाचलं. मग काही न विचारता शिक्का मारला, आणि शिक्का पुसट उठला म्हणून त्याच्या शेजारी पुन्हा एकदा मारला.

ऑक्टोबरच्या अखेरीस छाननीत तिचं नाव आलं. मुलाखत नोव्हेंबरच्या तेवीस तारखेला. तोवर अप्पांना देगूच्या इस्पितळात ठेवलं होतं. आवाज खाली गेला होता. बामगोलचा भोंगा तीन आठवडे मुका होता. गावातल्या बायका आईला फोन करून विचारत, औषधाची गाडी बुधवारी येते की गुरुवारी.

सुल्गी संध्याकाळी बसनं इस्पितळात जाई. अप्पा तिची मुलाखत घेत. ते प्राध्यापक, ती उमेदवार. त्यांना एकाच प्रश्नाची धास्ती होती.

"हा गावप्रमुख तुमचा कोण?"

"गावातले एक गृहस्थ."

"आवाज कापतोय. बाद. पुन्हा. हा गावप्रमुख तुमचा कोण?"

"कामानिमित्त ओळख आहे."

"खाली बघू नकोस. प्राध्यापक खुळे नसतात. पुन्हा."

शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला ट्रकवाला हसून म्हणाला, काका, तुम्ही बाप आहात की फौजदार? अप्पांनी त्याच्याकडे मान वळवली. "मी कोणी नाही हिचा," ते म्हणाले. "हेच तर शिकवतोय."

सुल्गीनं त्या संध्याकाळी 'कामानिमित्त ओळख आहे' हे वाक्य नऊ वेळा म्हटलं. नवव्यांदा आवाज कापला नाही. अप्पा म्हणाले, आता ठीक. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

नऊ नोव्हेंबरला पहाटे ते गेले. आई जवळ होती, सुल्गी पहिल्या बसमध्ये.

तीन दिवस इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यदर्शनाच्या दालनात फोटोपुढं फुलं, धूप आणि माणसं. बामगोलची झाडून सगळी माणसं कचेरीनं पाठवलेल्या एका गाडीतून आली. म्हातारा चो फोटोपुढं वाकला आणि वाकलेलाच राहिला, तेव्हा दोघांनी त्याला उठवलं. तो फोटोला म्हणाला, मला ठेवून स्वतः गेलास ना, लबाडा. मग तो आलेल्यांसाठी ठेवलेलं तिखट मटणाचं सूप दोन वाट्या प्यायला आणि कोपऱ्यात बसून राहिला.

पाच दिवसांची रजा संपवून सुल्गी कामावर गेली. टेबलावर बामगोलची फाईल नव्हती. शेजारच्या मुलीनं ती उचलून आपल्याकडे ठेवली होती. बांगसाहेबांनीच सांगितलं होतं तसं. सुल्गी उठली, तिच्या टेबलावरून फाईल घेतली आणि परत येऊन बसली. तक्ता भरायचा होता. गावप्रमुखाचं नाव. पद रिक्त झाल्याचा दिनांक. कारण. घरांची संख्या. शेवटच्या रकान्यात ठरावाचा क्रमांक घालायचा आणि पुढं लिहायचं, धोरणानुसार जोडणी करावी. तिनं लिहिलं. अर्धा तासही लागला नाही. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनाच एकदम आपापल्या पडद्यात काम निघालं होतं.

तेवीस तारखेला ती सोलला पोचली. केसांत सुतकाची पांढरी फीत होती. विद्यापीठाच्या प्रसाधनगृहात तिनं ती काढून बॅगेत टाकली. फितीबद्दल नियमात काही नव्हतं. पण कोणी विचारलं असतं तर उत्तर नियमाबाहेरचं आलं असतं. दारावर तिला एक बिल्ला मिळाला. सात. आत नाव नसतं, फक्त आकडा.

तिघं प्राध्यापक होते. मधे पिकल्या केसांच्या एक बाई, उजवीकडे टायवाला, डावीकडे एक तरुण, त्याच्यापुढं संगणक. बाईंच्या हातात शिफारसपत्र होतं.

"सात नंबर, तुमच्या साहेबांनी हे मनापासून लिहिलंय," बाई म्हणाल्या. "एरवी आम्हाला एकाच साच्यातली पत्रं येतात. तुम्हाला उत्तर माहीत नसलं तर तुम्ही गप्प बसता, असं म्हणतात ते."

"हो."

"ते तुम्हाला चांगलं ओळखतात."

"हो," सुल्गी म्हणाली.

मग विषय सुरू झाला. खर्चाचे आकडे, इतर जिल्ह्यांचे ठराव, दाराला बसवायची यंत्रं. टायवाल्याचं म्हणणं होतं की दाराशी एक यंत्र लावलं तर चोवीस तास दार उघडल्याची नोंद होते, मग माणूस कशाला हवा. सुल्गी म्हणाली, क गावात तशी पाच यंत्रं बसवली होती. त्यांतली तीन मांजरांमुळे वाजायची. तरुण हसला. टायवाल्यानं काहीतरी लिहून घेतलं. तिचं बरं चाललं होतं, हे तिचं तिलाच कळत होतं. ती त्या एका प्रश्नाची वाट पाहत होती. तोंडात उत्तर तयार होतं, नऊ वेळा घासलेलं.

तो प्रश्न आलाच नाही. टायवाल्यानं चष्मा सरळ केला आणि अगदी कामाच्या सुरात विचारलं, "हे क गावचे प्रमुख. अभ्यासासाठी त्यांच्या पुन्हा सविस्तर मुलाखती घेता येतील का?"

याचा सराव झाला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "ते वारले."

"अरेरे. कधी?"

"दोन आठवड्यांपूर्वी."

"म्हणजे मुख्य स्रोतच गेला," तो म्हणाला. दुष्टपणानं नव्हे. त्याला खरोखरच अभ्यासाची काळजी वाटत होती. "त्यांच्या नोंदी वगैरे? घरच्यांशी तुमचा संपर्क आहे?"

"आहे."

"घरी कोण आहे त्यांच्या?"

"बायको. आणि एक मुलगी."

"मुलीला यातलं काही माहीत असेल?"

सुल्गी गप्प बसली. तरुणानं संगणकावरून मान वर केली. मधल्या बाई पत्राकडे बघत होत्या, मग त्यांनी पत्र सावकाश खाली ठेवलं आणि सुल्गीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "या प्रश्नाचं उत्तर नाही दिलं तरी चालेल, सात नंबर."

"ती मदत करेल," सुल्गी म्हणाली. "मुलगी. ती नाही म्हणणार नाही."

टायवाल्यानं लिहून घेतलं.

डिसेंबरच्या चौदा तारखेला निकाल लागला. सात नंबर उत्तीर्ण होता. कचेरीत टाळ्या वाजल्या, बांगसाहेबांनी सगळ्यांना डुकराचं मांस भाजून खाऊ घातलं आणि सोजू दारूचा पेला उचलून म्हणाले, आमच्या कचेरीतून सोलला गेलेली ही पहिली. त्याच आठवड्यात जोडणीचा कागद जिल्ह्यातून मंजूर होऊन आला. एक जानेवारीपासून बामगोल सिनचोनमध्ये.

दोन्ही बातम्या घेऊन सुल्गी शनिवारी गावी गेली. चावडीत बायका जमल्या होत्या. चावडीची जमीन खालून तापवलेली, म्हणून थंडीत सगळ्या तिथंच पडून असत. आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. बाकीच्यांचं किमचीचं, तिखटात आंबवायच्या कोबीचं, शेवटचं पिंप भरून झालं होतं आणि हात अजून लाल होते. जोडणीचं सुल्गीनं आधी सांगितलं. तसं सगळ्यांना दिसतच होतं. गुम्रेबाईंनी एवढंच विचारलं की मग आता सिनचोनवाला तिकडून ओरडला तर इथं ऐकू येईल का. दुसरी म्हणाली, तो जेवायला बोलवायलासुद्धा ओरडत नाही.

मग सोलचं सांगितलं. त्यावर बायका उठून बसल्या.

"काय लिहिलंस गं तिथं, म्हणून घेतलं?"

"आपल्या गावाचं लिहिलं."

"बामगोलचं? मग आमची नावं घातलीस का?"

"नाही, आजी."

"एकीचंही नाही?"

"नावं लिहायला बंदी होती. गावाचंही नाही. नुसतं क गाव लिहिलं."

गुम्रेबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. सात दारांतलं तिसरं दार त्यांचं. अप्पांनी ते फोडलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात कंबर मोडून पडल्या होत्या. त्या हातावर रेटा देऊन सरकत सरकत सुल्गीजवळ आल्या.

"बरं, आमचं राहू दे. जोंगमानचं तरी?"

"नाही."

"बापाचं नाव नाही घातलंस?"

"घातलं असतं तर घेतलं नसतं."

म्हातारीनं यावर विचार केला. तिला राग आला नव्हता. तिला ते समजून घ्यायचं होतं.

"मग त्यांना कळणार कसं," ती म्हणाली, "कोण मेलं ते?"

आईनं लसणाची परात पुढं सरकवली. सुल्गीनं बाह्या वर केल्या, एक गड्डी उचलली आणि पाकळ्या सुट्या करायला लागली.